वेगळं पिंप

लाल दोऱ्याचं रीळ या घरात तीस वर्षं एकाच माणसासाठी वापरलं जात होतं. त्यामुळे त्या सकाळी माईनं लाल दोरा सुईत ओवला तेव्हा वहिनीला वाटलं, आत्याच्या एखाद्या कपड्यावर खूण टाकायची राहिली असेल. मग तिचं लक्ष माईच्या मांडीकडे गेलं. मांडीवर मास्तरणीचा गाऊन होता.

धुलाईचं घर म्हटलं की खुणा आल्याच. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांच्या चादरी, वसतिगृहांचे अभ्रे, सगळ्यांच्या कोपऱ्यात दोऱ्याची खूण, नाहीतर कुणाचं काय कुणाकडे जाईल याचा पत्ता लागत नाही. घरच्या माणसांनाही तोच नियम. दादाची खूण निळी, वहिनीची हिरवी. भोंग्याची पिवळी, पण त्याचे निम्मे मोजे तरीही बेपत्ता असत. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची म्हणून घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिनं लग्न होऊन आल्यावर जांभळा रंग मागून घेतला होता. आणि लाल आत्याचा. लाल खुणेचा कपडा मोठ्या भट्टीत जात नसे. मागच्या अंगणात नळाखाली एक वेगळं पिंप होतं, त्यात आत्या आपले कपडे आपण उकळायची आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. भोंग्याला लहानपणी वाटायचं की आत्याला लाल रंग फार आवडतो.

"माई, हे काय करताय?" वहिनीनं विचारलं.

"दिसतंय ना." माईनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, ओठाचा डावा कोपरा वाचवून. तिथे कालपासून खपली धरली होती. "आजपासून हिचे कपडे वेगळे. पोटात पोर आहे. मला या घरात पुन्हा तसला घोळ नको."

हे माईच्या कानावर घालणारी वहिनीच होती.

आठवड्याचा सुट्टीचा दिवस होता. भट्टी थंड होती, इस्त्र्या उभ्या करून ठेवलेल्या होत्या. मधल्या खोलीत लांबलचक मोजणीचं टेबल होतं, त्याच्याभोवती एरवी गठ्ठे सोडले जायचे. आज त्याच्याभोवती माणसं बसली. दादा, म्हणजे माईचा मुलगा, आपल्या ठरलेल्या टोकाला. त्याच्या शेजारी त्याची बायको, वहिनी. त्यांचा मुलगा भोंगा उभाच. आत्या, माईची धाकटी लेक, कपाटाला टेकून, जिथून कुणी विचारल्याशिवाय बोलावं लागत नाही अशा जागी. मास्तरीण वरच्या खोलीत कपडे बदलत होती. बारा वाजता तिला डॉक्टरांकडे रिपोर्टसाठी जायचं होतं.

हे सगळं सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. आधी ताप आला आणि अंग मोडून आलं. मग जांघेत गाठी आल्या आणि लघवीला इतकी आग व्हायला लागली की मास्तरीण पाणी प्यायलाच घाबरायची. गल्लीतल्या डॉक्टरनं न तपासताच लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या. वहिनीला वाटलं उष्णता झाली. दोन दिवसांनी चार-पाच बारीक फोड आले तेव्हा तिनं नव्या साबणाच्या पावडरीला दोष दिला आणि सगळी पिशवी फेकून दिली. फोड फुटले, त्यांच्या जखमा झाल्या, आणि चौतिसाव्या आठवड्यातली बाई पाय फाकवून भिंत धरत चालायला लागली, तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी जखमेवरून काडी फिरवून नमुना घेतला, रक्त घेतलं, गोळ्या सुरू केल्या आणि रोगाचं नाव सांगितलं. वहिनीला ते नाव एकटीला पेलवेना. तिनं ते माईला सांगितलं. एवढं एक तिला आता परत घ्यायचं होतं.

"डॉक्टरांनी अजून काही पक्कं सांगितलं नाही," ती म्हणाली.

"डॉक्टर काय वेगळं सांगणार? तीस वर्षांपूर्वी याच घरात बघितलंय मी." माईनं आत्याकडे बघितलं नाही. "तेव्हा आपण गाफील राहिलो. पोर गेली."

आत्याची मुलगी बाराव्या दिवशी गेली होती, ही गोष्ट या घरात तारखेसारखी माहीत होती, पण उच्चारली जात नव्हती.

"माई," दादा म्हणाला, "असं एकदम..."

"तू इस्त्री कर. तुला यातलं कळत नाही."

दादाला खरंच यातलं कळत नव्हतं, आणि आईनं असं म्हटलं की त्याला जरा सुटल्यासारखं व्हायचं.

मास्तरीण जिन्यात येऊन थांबली होती. खालचं सगळं तिला ऐकू येत होतं. ती फक्त एका आवाजाची वाट बघत होती. तिच्या नवऱ्याला घरात भोंगा म्हणत ते उगाच नाही. तो धुलाईची गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी कुणाशी बोलला तरी स्वयंपाकघरात कळायचं. आज त्यानं एक वाक्य बोलावं, माझ्या बायकोच्या गाऊनला हात लावू नका एवढंच, अशी तिची इच्छा होती.

भोंगा बोलला. त्याच्या परीनं हळू बोलला.

"पण हे आपोआप होतं का? कुठूनतरी येतं ना?"

मास्तरणीनं कठडा घट्ट धरला. शाळेत शंभर वेळा तिनं मुलांना सांगितलं होतं की प्रश्न चुकीचा मांडला की उत्तर बरोबर येऊच शकत नाही. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती पायऱ्या मोजत खाली आली. टेबलावरचा गाऊन तिनं बघितला. लाल खुणेचे तीन टाके झाले होते.

"निघते मी," ती म्हणाली. "उशीर होतोय."

"मी येते," वहिनी उठली.

"तू बस," कपाटापासून आवाज आला. आत्या पुढे आली होती. "तुझ्या पोटात काही राहत नाही, वहिनी. मी जाते तिच्याबरोबर."

माईची सुई थांबली. या विषयावर आत्याला कुणी मत विचारलं नव्हतं आणि तिनं ते दिलंही नव्हतं, पण ती सरळ चपला घालायला गेली. वहिनीला बोलणं लागलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

*

दवाखान्याची खोली लहान होती. वजनकाटा, पडदा, एक खिडकी, आणि टेबलावर फायलींचा ढीग. त्या ढिगात डॉक्टरीणबाई आपला चष्मा शोधत होत्या आणि तो त्यांच्या डोक्यावर होता. मास्तरणीनं बोट दाखवलं. बाई हसल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागद वाचला.

"हर्पीसच आहे. पण बातमी चांगली आहे, आधी श्वास घे."

मास्तरणीनं श्वास घेतला.

"विषाणू सापडला. पण तुझ्या रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं आधीपासून तयार आहेत. म्हणजे लागण जुनी आहे, फोड तेवढे पहिल्यांदा आता आले. हा विषाणू एकदा शिरला की नसांच्या मुळाशी झोपून राहतो. ताप, थकवा, गरोदरपण, असं काही झालं की जागा होतो. पहिलीच लागण या दिवसांत झाली असती तर मी घाबरले असते. आता तुझी प्रतिद्रव्यं नाळेतून बाळाला मिळतायत. धोका शून्य नाही, पण फार कमी आहे, आणि तो आपण आणखी कमी करणार."

"जुनी म्हणजे किती?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. दोन वर्षं असेल, दहा असेल. नवऱ्याकडून आली असेल आणि त्याला जन्मात एक फोड आला नसेल. बहुतेकांना आपल्याकडे हा आहे हे कळतच नाही. त्यात हा पहिल्या प्रकारचा निघालाय, ओठांवर येतो तोच." बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी कुणाला दिलं हे शोधत बसू नका. ते सापडत नाही, आणि शोधताना घरं मोडतात. मी बघितलीयत."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं आणि मास्तरीण वहीत लिहीत गेली. आत्ताच्या गोळ्या संपवायच्या. छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंतपण होईपर्यंत दिवसातून तीन वेळा गोळी, एकही चुकवायची नाही. फोड येण्याआधी एखादा दिवस तिथे मुंग्या येतात, खाज सुटते, मांडीतून कळ जाते. ते ओळखायला शिकायचं आणि लगेच फोन करायचा. कळा सुरू झाल्या की आधी नीट तपासणार. फोड किंवा ती जळजळ असली तर ऑपरेशन करून बाळ काढायचं, नसली तर नेहमीसारखं होऊ द्यायचं. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहिलं की आग कमी होते. जागा कोरडी, कपडे सुती आणि सैल. जखमा असेपर्यंत नवऱ्याला दूर ठेवायचं.

"आणि कपडे?" आत्यानं विचारलं. आल्यापासूनचा तो तिचा पहिला शब्द होता.

"कपड्यांचं काय?"

"वेगळे उकळायचे ना?"

"कशाला? कपड्यांतून नाही जात तो. टॉवेलातून, संडासातून नाही. कातडीला कातडी लागली तर जातो. सगळ्यांबरोबर धुवा."

आत्यानं मांडीवरचे आपले हात बघितले. सोड्याच्या उकळत्या पाण्यानं बोटांची कातडी कधीचीच जाड झाली होती, सुई टोचली तरी तिला कळायचं नाही. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे तिला कळेना.

"डॉक्टर, एक विचारू?" ती म्हणाली. "ओळखीची एक बाई होती. खूप वर्षं झाली."

"विचारा."

"तिला सातव्या महिन्यात हे असंच झालं. असेच फोड, अशीच आग. पण पोर चांगली झाली. रडली, दूध प्यायली, सगळं नीट. आठव्या दिवशी प्यायची थांबली. नुसती झोपून राहायची. अंग एकदा गरम, एकदा गार. फोड आले. मग हातपाय झटकायला लागली. बाराव्या दिवशी गेली."

मास्तरणीचं लिहिणं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"फोड कुठे होते?"

"कपाळावर. डाव्या भुवईच्या वर. तीन."

"आणखी कुठे?"

"कुठेच नाही."

"त्या दिवसांत बाळाला जवळ घेणाऱ्या कुणाच्या ओठावर फोड होते का? तापानंतर येतात तसे?"

आत्यानं खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर कुणीतरी सायकल पुसत होतं.

"आता कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "आईकडूनही झालं असेल. मुक्यातूनही झालं असेल. इतक्या कोवळ्या बाळाला तो सहन होत नाही. त्या बाईंना एवढं सांगा, त्यांनी काही केलं नव्हतं. तेव्हा औषध होतं तरी ओळखणारं कुणी जवळ नव्हतं."

"सांगते," आत्या म्हणाली. "ती बाई जरा उशिरा ऐकते."

परतताना दोघी सावलीच्या बाजूनं हळूहळू चालल्या. मास्तरीण तिच्या दंडाला धरून चालत होती. कोण कुणाला सांभाळतंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं. चौक ओलांडल्यावर मास्तरीण म्हणाली, "आत्या, माईंच्या ओठावर तर दर दोन-तीन महिन्यांनी येतं."

"माहीत आहे."

"आत्ताही आहे."

"बघितलं सकाळी."

"सांगावं लागेल त्यांना. बाळ यायच्या आधी. त्या पहिल्या दिवशीच उचलून घेतील."

"माहीत आहे, बाई."

"मी सांगू का?"

"तू नको. तू सांगितलंस तर म्हणेल, कालची पोरगी मला शहाणपण शिकवते. तुझे हाल करेल." आत्या थांबली, कारण तिला दम लागला होता. तिची खरी अडचण वेगळीच होती. या बाळाला वाचवायचं तर माईला सांगायला हवं होतं, आणि माई कितीही हट्टी असली तरी खुळी नव्हती. एक गोष्ट कळली की दुसरी तिला आपली आपण कळणार होती. "मी सांगते," आत्या म्हणाली. "चल."

*

टेबलाभोवतीची माणसं होती तिथेच होती. चहा झाला होता, कपांवर साय धरली होती. माईनं गाऊनची खूण पुरी करून बाजूला ठेवली होती आणि मास्तरणीच्या टॉवेलाला हात घातला होता.

आत्यानं आज खुर्ची ओढली आणि ती माईच्या समोर बसली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिनं आपल्या भाषेत सांगितलं. लागण जुनी आहे. बाळ बरं आहे. गोळ्या आहेत. कधीपासूनची, कुणाकडून, हे देवालाही सांगता यायचं नाही, तेव्हा तो विषय बंद. हे शेवटचं बोलताना तिनं भोंग्याकडे बघितलं आणि भोंग्यानं जमिनीकडे.

"मला बोलायचं होतं ते..." तो म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं शेजारच्या माणसालाही पुढे वाकून ऐकावं लागलं. "चुकलं माझं."

"हो, चुकलं," मास्तरीण म्हणाली. ती त्याच्याशेजारी बसली नाही, वहिनीशेजारी बसली. तिला त्याला माफ करायचं होतं, पण आज नाही.

"आणि कपडे वेगळे नाही धुवायचे," आत्या म्हणाली. "कपड्यातून लागत नाही."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर म्हणतात, माई. कधीच लागत नव्हतं."

वहिनीनं टेबलावरची छोटी कात्री उचलली. लग्न होऊन आली त्या वर्षीची गोष्ट तिला आठवत होती. ती नवी नवरी होती, बाळंतिणीच्या खोलीत तिला जाऊ देत नसत, आणि नंतर एक दिवस अंगणात ते पिंप आलं. का, असं तिनं कधी विचारलं नव्हतं. सासूच्या बाजूनं राहिलं की या घरात दिवस सोपे जात. तिनं माईच्या डोळ्यांदेखत गाऊन ओढून घेतला आणि लाल टाके एकेक करून उसवले. माई तिला अडवेल असं सगळ्यांना वाटलं. माई नुसती बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "नसेल लागत. झालं का सगळं सांगून?"

"एक राहिलं." आत्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बाळ आलं की ज्याच्या ओठावर फोड असतील त्यानं त्याच्याजवळ तोंड न्यायचं नाही. मुका घ्यायचा नाही. फोडाला हात लावून बाळाला शिवायचं नाही. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तान्ह्या बाळाचा जीव जातो त्यानं."

'जीव जातो' असं म्हणायचं तिनं ठरवलं नव्हतं. अपाय होतो, एवढंच म्हणायचं ठरवलं होतं.

माईचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"हे?" ती म्हणाली. "हे तर तापाचे. भट्टीपाशी फार वेळ उभं राहिलं की येतात. लहानपणापासून येतात मला."

"तेच, माई."

"खाली आले की रोग. वर आले की ताप, एवढंच असतं ते."

"दोन्ही एकच आहे."

दादाच्या कपाळावर आठी पडली. त्याला गोष्टी सावकाश आठवत, पण आठवल्या की साफ आठवत. "तेव्हासुद्धा, माई, तुझ्या ओठावर..." तो बोलायला लागला, आणि वहिनीनं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"भोंग्याचे काय कमी मुके घेतले तुम्ही?" वहिनी घाईनं म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिला सासूची कीव आली होती. "त्याला काही झालं का? चांगला घोडा झालाय. असं काही नेहमी होत नसतं, माई. हो ना गं?"

"नेहमी नाही होत," मास्तरीण म्हणाली. "फार क्वचित."

माईनं कुणाचंच ऐकलं नाही. ती तीस वर्षं मागे गेली होती, एका खोलीत, जिथे रोज पहाटे भट्टी पेटवायला जाण्याआधी ती डोकवायची. लेक झोपलेली असायची. नात जागी असायची. माई तिला उचलायची, छातीशी धरायची आणि कपाळाला ओठ टेकून तसंच थोडा वेळ राहायची. पहिलीच नात होती. घरात तिच्याइतकं त्या पोरीला कुणी घेतलं नव्हतं.

आणि पोर गेल्यावर ते कुणाच्या तरी नावावर जायला हवं होतं. लेकीला सातव्या महिन्यात काय झालं होतं ते माईला माहीत होतं. तुझ्या अंगातल्या घाणीनं पोर नेली, असं ती एकदाच म्हणाली. सासरच्यांच्या कानावरही तिनंच घातलं. ते पुन्हा आत्याला न्यायला आले नाहीत. मग अंगणात पिंप आलं. डाग काढायचा धंदा असलेलं घर हे, घाण म्हटली की ती कापडात असणार, आणि कापड उकळलं की ती जाणार, एवढंच त्यांना समजत होतं. चादरी उकळल्या, दुपटी उकळली, बाळंतिणीचे अंगावरचे कपडे जाळले. माणसाच्या तोंडाकडे कुणी बघितलंच नाही.

वहिनीनं मास्तरणीला उठवलं. "चल, तू आडवी हो जरा. मी पाणी कोमट करून आणते." दादा भोंग्याला म्हणाला की गाडीचं चाक बघायचंय, आणि गाडीच्या चाकाला काही झालेलं नव्हतं हे माहीत असून भोंगा त्याच्यामागे गेला. दाराशी तो मास्तरणीजवळ थांबला. "वर येऊ का मग?" त्यानं विचारलं. "ये," ती म्हणाली. "बोलू नकोस फक्त. नुसता बस."

टेबलाशी दोघीच उरल्या. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि रिकाम्या टेबलावर पसरलं होतं. माईचा हात अजून तोंडावरच होता. त्या हातामागून ती काहीतरी म्हणाली, ते आत्याला कळलं नाही.

"काय म्हणालीस?"

"या बाळाला मी घेणार नाही."

"घे ना. ओठ बरा असेल तेव्हा घे, हात धुऊन घे. कुणी नाही म्हटलंय?"

"नको. लांबून बघेन."

माई रडत नव्हती. ती कधीच रडत नसे, पोर गेली तेव्हाही रडली नव्हती, आणि आत्यानं ते इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं.

"तायडे." हे नाव माईच्या तोंडी यायचं कधीचंच बंद झालं होतं. "मला आता नीटसं आठवत नाही. तिला ते फोड कुठे आले होते गं?"

आत्याला प्रश्न कळला. तीस वर्षं तिनं याच क्षणाची वाट बघितली असं म्हणता येणार नाही, कारण असा क्षण असू शकतो हेच तिला माहीत नव्हतं. पण आता तो आला होता. एक शब्द बोलली असती तर तिच्या अंगावरचं सगळं ओझं समोरच्या बाईच्या अंगावर गेलं असतं, आणि ते न्याय्य झालं असतं. समोर ऐंशीला टेकलेली एक म्हातारी हातानं तोंड झाकून बसली होती. आत्यानं तिला माफ केलं नव्हतं. करेल असंही तिला वाटत नव्हतं. फक्त, हे ओझं किती वजनाचं आहे ते या घरात तिला एकटीला माहीत होतं.

"पायावर," ती म्हणाली. "डाव्या पायावर, माई. घोट्याजवळ."

माईनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "पायावरच होते."

पोर गेली त्या दिवशी तिचं अंग शेवटचं पुसलं होतं ते माईनं. दार लावून, एकटीनं. आत्याला तिनं आत येऊ दिलं नव्हतं. पाय तिनं आपल्या तळहातावर घेऊन पुसले होते, आणि ते दोन्ही पाय स्वच्छ होते.